राऊतांच्या घरातला बिनचूक खून

नागावच्या दत्तात्रेय राऊतांनी आयुष्यात दोन गोष्टी कधी सोडल्या नाहीत. एक दुपारची झोप आणि दुसरा विनातिकीट प्रवासी! एसटीत तीस वर्षं तिकीट तपासनीस होते. अलिबाग-मुरुड रस्त्यावर ते गाडीत चढले की ज्यांच्या हातात तिकीट असायचं तेसुद्धा खिसे चाचपायला लागायचे. माणसाच्या कानाच्या पाळीवरून त्याचं तिकीट कुठपर्यंतचं आहे ते ओळखतो, असा त्यांचा दावा होता.

निवृत्तीनंतर गाडी गेली, प्रवासी गेले, पण संशय तेवढा घरी आला. त्याला खाद्य म्हणून रहस्यकथा होत्याच. माजघरातल्या लाकडी कपाटात चारशे पुस्तकं! कपाटाला कुलूप, आणि चावी थेट कडदोऱ्याला. "एकेक पुस्तक चार-चार वेळा वाचलंय," राऊत सांगायचे. "मला न सापडलेला खुनी अजून छापून यायचाय!"

तेव्हा गावच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनाला व्याख्याता म्हणून त्यांना बोलावलं, यात नवल काहीच नव्हतं. विषय त्यांनीच दिला: 'रहस्यकथेतला बिनचूक खून: शक्य की अशक्य?' रविवार, संध्याकाळी पाच.

गुरुवारी सकाळी त्यांनी पडवीत भाषणाची तालीम घेतली. श्रोते दोन. एक पत्नी केसर, जी पाटावर बसून करंदी सोलत होती, आणि दुसरं मांजर, जे करंदीसाठी बसलं होतं.

"मित्रहो!" राऊत गरजले. "रहस्यकथेत बिनचूक खून अशक्य आहे! का? कारण लेखकाचा वाचकाशी करार असतो. खुनी कितीही हुशार असो, शेवटच्या पानावर तो सापडलाच पाहिजे. राखेत बटण सापडेल, कपाला डाग सापडेल, पण खून पचणार नाही! मी आव्हान देतो, कुणीही पचवून दाखवावा!"

"पचतो हो," केसर म्हणाली. मान वर न करता.

"काय पचतो?"

"खून. माणसाने फक्त गप्प बसायला शिकलं पाहिजे."

"तुला काय माहीत?"

"असंच." तिने एका करंदीचं डोकं मोडून मांजराकडे टाकलं.

असंच! राऊतांच्या मानेवरचे केस उभे राहिले. तीस वर्षांचा अनुभव होता त्यांचा. 'कुठून बसलात?' विचारल्यावर जो माणूस 'असंच, मागून' म्हणतो, त्याच्याकडे तिकीट नसतं म्हणजे नसतंच!

तो दिवस त्यांनी बायकोवर नजर ठेवण्यात घालवला. एकेचाळीस वर्षांच्या संसारात बायकोकडे सलग इतका वेळ त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. लग्नातसुद्धा नाही. आणि बघतात तो काय! दुपारच्या चहाला दोन पातेली. एका पातेल्यातला चहा त्यांच्या कपात, दुसऱ्यातला तिच्या कपात.

"दोन पातेली कशाला गं?"

"असू दे. तुम्ही प्या."

राऊतांनी घोट घेतला. चव वेगळी! कशी, ते सांगता येईना, पण वेगळी. त्यांनी घोट गालात धरून ठेवला, परसात जाऊन जास्वंदीच्या मुळाशी सोडला आणि उरलेला चहा बशीत ओतून मांजरापुढे ठेवला. मांजराने तो चाटला आणि पाच मिनिटांत आडवं झालं. आता ते मांजर एरवीही दिवसाचे अठरा तास आडवंच असायचं, पण आज ते राऊतांना विशेष आडवं वाटलं.

शुक्रवारी केसर विहिरीवर गेल्यावर त्यांनी स्वयंपाकघराची झडती घेतली. तांदळाच्या पिंपामागे बिस्किटांचा जुना डबा. डब्यात प्लास्टिकची पुडी. पुडीत पांढरी पावडर, आणि पुडीवर दुकानदाराच्या हातचा एकच शब्द: 'विषारी'.

राऊत तिथेच तांदळाच्या पिंपावर बसले.

पण ते कसलेले तपासनीस. सरळ विचारलं तर प्रवासी सावध होतो, हे त्यांना ठाऊक होतं. केसर आत आल्यावर त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "घरात उंदीर झालेत का गं?"

"छे. का हो?"

"झुरळं?"

"नाहीत."

"मुंग्या तरी?"

"अहो, माझं घर आहे की गोदाम?" केसर उखडली. "काही झालेलं नाही!"

म्हणजे उंदीर नाहीत, झुरळं नाहीत, मुंग्या नाहीत. विष आहे. घरात जीव उरतात तीन. त्यातलं एक मांजर, आणि त्याच्यावर तिचा जीव!

शनिवारी सकाळी तर कहरच झाला. राऊत न्हाणीघरात होते आणि न्हाणीच्या भिंतीपलीकडे केसर फोनवर दबक्या आवाजात बोलत होती. फोनवर पुतण्या प्रणय. हा किनाऱ्यावर पर्यटकांना बनाना बोटीत बसवून पाण्यात पाडायचा धंदा करतो. राऊतांनी अंगावर ओतायला उचललेला तांब्या हवेतच धरला.

"रविवारी, ते भाषणाला गेले की लगेच," केसर म्हणत होती. "...नाही रे, त्यांना अजून काही संशय नाही. ...ते ना? ते आतून पार पोखरलंय. हात लावला की भुगा पडतो. ...एकट्या अंबाजीला नाही झेपायचं, तू ये. ताडपत्रीत गुंडाळू आणि खड्ड्यात घालून पेटवून टाकू."

तांब्या राऊतांच्या पायावर पडला.

पाय ठणकत होता, पण त्याहून जास्त ठणकत होतं ते व्याकरण! 'ते भाषणाला गेले की' म्हणजे ते स्वतः. ते ठीक. पण पुढे? 'ते आतून पार पोखरलंय'? 'पोखरलेत' नाही, 'पोखरलंय'! एकेचाळीस वर्षं जिने 'अहो-जाहो' सोडलं नाही, तिने एका वाक्यात नवऱ्याला नपुंसकलिंगी करून टाकलं! आदरार्थी बहुवचन जिवंत माणसाला असतं. नपुंसकलिंग कुणाला? प्रेताला!

पाय धरून लंगडत ते वाडीत गेले. नारळी-पोफळीच्या मागच्या कोपऱ्यात, राऊत ज्या बाजूला वर्षातून एकदाही फिरकत नसत तिथे, वाडीत काम करणारा अंबाजी घामाघूम होऊन खणत होता. खड्डा लांबट. नारळाच्या रोपाचा खड्डा चौकोनी असतो, हे नागावात शेंबडं पोरही सांगेल.

"अंबाजी, खड्डा कसला रे?"

अंबाजीने कुदळ खाली ठेवली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कानाची पाळी लाल!

"काकींनी सांगितलाय. कुनाला बोलू नको म्हनल्या."

"लांबी किती?"

"सा फूट."

"सहा फूट... म्हणजे माझ्या मापाचा म्हण की!"

अंबाजी साधा माणूस. त्याने मालकांना खालपासून वरपर्यंत नीट पाहिलं, मनात माप घेतलं आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "व्हय. बसाल की आरामात."

राऊतांना जेवण गेलं नाही. गेलं नाही म्हणजे घेतलंच नाही; फक्त केळी खाल्ली, तीही स्वतः सोलून. संध्याकाळी प्रणय डोकावला.

"काका, उद्या किती वेळ बोलणार तुम्ही? एक्झॅक्ट टाइम सांगा ना."

"तुला कशाला हवाय एक्झॅक्ट टाइम?"

"असंच!"

हाही असंच! अख्खं घराणं विनातिकीट!

पोलिसांत जावं तर काय सांगणार? चहाची चव बदलली? बायको व्याकरण चुकली? अशाने आधी ठाण्यातलेच हसून मरतील. शेवटी त्यांनी कागद घेतला आणि खात्यात असताना लिहायचे तसा अहवाल लिहिला. रविवारी दुपारी वाचनालयात गेले तेव्हा त्यांच्या हातात दोन खाकी पाकिटं होती. एकात स्वतःचा परिचय, दुसऱ्यात तो अहवाल. ग्रंथपाल शिवानीच्या हातात दोन्ही देत ते कुजबुजले, "वरचं आज वाचायचं. खालचं उद्या सकाळी, मी दिसलो नाही तरच."

"का काका, बाहेरगावी चाललात?"

"कदाचित. फार लांब."

शिवानीने मान डोलावली, पाकिटं टेबलावर ठेवली, त्यावर हार ठेवला, हारावर नारळ ठेवला आणि पाहुण्यांच्या खुर्च्या लावायला धावली. वरचं खाली आणि खालचं वर व्हायला आणखी काय लागतं?

पाच वाजता चाळीसेक माणसं जमली. पुढच्याच रांगेत मासळीवाल्या सोनूबाई बसल्या होत्या. त्या काही रहस्यकथेच्या वाचक नव्हेत; "नवऱ्याच्या भाषणाला टाळ्या वाजवायला जा गं," अशी मैत्रिणीने, म्हणजे केसरने, त्यांना गळ घातली होती. खुद्द केसर मात्र आली नव्हती. राऊतांनी हे टिपलं.

शिवानीने माईक हातात घेतला. "आजच्या वक्त्यांचा परिचय त्यांनीच आपल्या शब्दांत लिहून दिलाय," असं म्हणत तिने पाकीट फोडलं आणि खणखणीत आवाजात वाचायला लागली.

"मी, दत्तात्रेय गणपत राऊत, निवृत्त तिकीट तपासनीस, राहणार नागाव, पूर्ण शुद्धीवर लिहून ठेवतो की आज मी जिवंत आहे. उद्या नसल्यास तो योगायोग समजू नये. दोन पातेल्यांतला चहा, वाडीतला सहा फुटी खड्डा आणि तांदळाच्या पिंपामागचा बिस्किटांचा डबा यांची चौकशी व्हावी. पत्नी सौ. केसर हिच्यावर माझा राग नाही. ती स्वयंपाक उत्तम करते, हीच खरी अडचण आहे."

राऊत खुर्चीत गोठले. शिवानीचा आवाज शेवटच्या ओळीला बारीक होत गेला. आणि मग टाळ्यांचा कडकडाट!

"वा! काय सुरुवात केलीय!" मागून कुणीतरी ओरडलं. "पुढे काय होतं?"

"पुढे मी होते!" म्हणत सोनूबाई उठल्या. त्यांचा आवाज भर बाजारात तीन गल्ल्या पार करतो. इथे तर माईकही शेजारीच होता. "काय रं दत्तूभाव? माझ्या केसरवर आळ घेतोस? जिनं तुझी पथ्यं सांभाळली, तुझं घोरनं सोसलं? ऊठ! आत्ता चल घरी! होऊ दे समोरासमोर!"

"सोनूबाई, ते पाकीट उद्याचं होतं..."

"उद्या कशाला? आज ताजं हाय तर आजच काप!"

आणि निघाली की हो वरात! पुढे सोनूबाई, मागे लंगडणारे राऊत, त्यांच्या मागे नारळ हातात तसाच धरलेली शिवानी आणि तिच्या मागे चाळीस श्रोते. भाषण ऐकायला आलेल्या लोकांना भाषणाऐवजी खून बघायला मिळत असेल तर कोण मागे राहील? वाटेत एक रिक्षावाला "काय झालं?" म्हणून थांबला आणि रिक्षा तिथेच सोडून चालू लागला.

वाडीच्या बेड्यापाशी, म्हणजे फाटकापाशी येताच सगळ्यांना दिसला धूर. पोफळींच्या मागून काळा धूर वर चढत होता. झावळ्या पेटवलेल्या खड्ड्यापाशी केसर उभी, पदर खोचलेला, तोंडाला काजळी, हातात लांब काठी. आणि घराच्या मागच्या दारातून प्रणय आणि अंबाजी निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक घेऊन येत होते. अगदी खांदा दिल्यासारखे!

शिवानीच्या हातातला नारळ पडला. गर्दीतून कुणीतरी "अगं आई गं" म्हणालं. सोनूबाईंचासुद्धा आवाज बसला.

"थांबा!" राऊत ओरडले. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण तर इथे जिवंत उभे आहोत. "कोण आहे त्यात?"

केसरने वळून पाहिलं. नवरा, मैत्रीण, ग्रंथपाल आणि अर्धं नागाव! काठी तिच्या हातातून गळाली.

"अहो! भाषण एवढ्यात संपलं?"

"कोण आहे त्यात, केसर?"

प्रणय अंबाजीकडे बघत होता, अंबाजी पायाच्या अंगठ्याकडे. शेवटी राऊतांनीच पुढे होऊन ताडपत्री ओढली.

कपाट! त्यांचं स्वतःचं, माजघरातलं, कुलूपबंद कपाट.

"माझी पुस्तकं?" राऊतांचा आवाज चिरकला. "माझी पुस्तकं जाळायला काढलीस? उभं करा ते!"

प्रणयने कपाट उभं करून धरलं. कडदोऱ्याची चावी काढायची म्हणजे चाळीस माणसांदेखत काय काय सोडावं लागतं! राऊतांनी पोफळीकडे तोंड करून कसंबसं ते उरकलं, कुलूप काढलं आणि दोन्ही दारं उघडली.

आत एकही पुस्तक नव्हतं. कप्पे नव्हते. मागची फळीही नव्हती. दारांच्या चौकटीतून थेट पलीकडे उभा असलेला अंबाजी दिसत होता. त्याने ओशाळून नमस्कार केला.

"वाळवी," केसर हळूच म्हणाली. "तुम्ही मोतीबिंदू काढायला राहीकडे पनवेलला गेला होतात ना, तेव्हा. लेकीला पण नाही सांगितलं मी. भिंतीवर मातीची रेघ दिसली म्हणून कपाट ओढलं, तर मागची फळी हातात आली. पुस्तकांचा नुसता चुरा झाला होता. चार पोती भरून टाकली. औषध आणून मारलं, त्याचं उरलेलं पिंपामागे ठेवलंय."

"पनवेल? पनवेलला मी जूनमध्ये गेलो होतो!"

"हो. जूनमध्येच गेली ती."

"आता नोव्हेंबर चाललाय, केसर!"

"मला काय माहीत नाही?" केसरचे डोळे एकदम भरून आले. "मी दोन दिवस जेवले नाही. तुम्ही याल, कपाट उघडाल, तुमचा जीव तुटेल, म्हणून शिरा करून ठेवला होता. तुम्ही आलात, शिरा खाल्लात आणि मोबाईल घेऊन झोपाळ्यावर बसलात. म्हटलं, उद्या उघडतील. श्रावण गेला, गणपती गेले. दिवाळीला तर तुम्ही कपाट बाहेरून पुसलंतसुद्धा! आता ते उभंही राहीना. म्हटलं, आज हे हलवावं, त्या जागी लोखंडी आणून ठेवावं, आणि मग तुम्हाला धीर करून सांगावं."

राऊतांनी कपाटाच्या दाराच्या कडेवरून हात फिरवला. बोटाखाली भुगा झाला. त्यांच्या घशात खरोखर आवंढा आला. पण तो पुस्तकांसाठी की त्या शिऱ्यासाठी, हे त्यांना कळेना.

तेवढ्यात शिवानीच्या डोक्यात प्रकाश पडला. "काका! म्हणजे चारशे बळी, बंद कपाट, एकमेव चावी तुमच्या कमरेला... आणि पाच महिने तुम्ही रोज शेजारून जाताय! म्हणजे शक्य आहे की बिनचूक खून!"

टाळ्या! भाषणाला पडल्या नसत्या एवढ्या टाळ्या! आणि त्या सगळ्या केसरकडे बघून.

"पण तुम्ही सगळे इथे कसे?" केसरने विचारलं.

राऊतांनी सोनूबाईंकडे हात जोडून पाहिलं. सोनूबाईंनी सोडलं नाही. पातेली, खड्डा, डबा, 'हीच खरी अडचण आहे', सगळं अक्षरशः सांगितलं. केसर ऐकत गेली आणि राऊतांना त्या सहा फुटी खड्ड्याचं पहिल्यांदाच आकर्षण वाटू लागलं.

"मी तुम्हाला विष घालते?"

"तसं नाही... चहाची चव..."

"गुळाचा आहे तो चहा! तुमची साखर वाढलीय. डॉक्टरांचा कागद महिनाभर फ्रिजवर पडलाय, तोही तुम्ही उघडून बघितला नाहीत!" तिने तोंडावरची काजळी पदराने पुसली, जी त्यामुळे आणखीनच पसरली, आणि गर्दीकडे वळली. "बसा सगळे. चहा टाकते."

त्या संध्याकाळी राऊतांनी चाळीस साक्षीदारांसमोर पहिला कप घेतला. मग दुसरा घेतला. मग कुणी न सांगता तिसराही घेतला.

माणसं पांगल्यावर दोघं पडवीत बसली. राऊत माफीची वाक्यं मनात जुळवत होते, पण प्रत्येक वाक्य अहवालासारखंच होत होतं.

"एक विचारू?" शेवटी केसरच म्हणाली. "सात पुस्तकं जरा धड होती. टाकवेनात, म्हणून मी वाचली."

"तू? रहस्यकथा?"

"काय करणार! पण वाळवी लागली मागून. सातही पुस्तकांना शेवटची पानंच नाहीत. एकाही गोष्टीत खुनी सापडत नाही! पाच महिने झाले, मला चैन नाही. ती चहाच्या मळ्याची गोष्ट सांगा ना. त्या मळ्याच्या साहेबाला कुणी मारलं?"

राऊत ताठ बसले. निदान हे तरी आपल्या हातात आहे! "सोपं आहे. बायकोने."

"ती त्याच्याआधीच मेली."

"हां हां, बरोबर. माळ्याने."

"माळी नाहीच त्या गोष्टीत."

"मग... दिवाणजी?"

केसरने त्यांच्याकडे पाहिलं. "चार वेळा वाचलंत ना?"

मंगळवारी सकाळी वाचनालय उघडायच्या आधीच राऊत पायरीवर उभे होते. चहाच्या मळ्याचं पुस्तक शिवानीने मागच्या रॅकमधून काढून दिलं. शेवटच्या पानासकट धड! राऊतांनी ते छातीशी धरलं, मग कौतुकाने पहिलं पान उघडलं.

तिथे ठसठशीत पेन्सिलीने लिहिलं होतं: 'वाचकांनी वेळ घालवू नये. खुनी डॉक्टर आहे. मी चाळिसाव्या पानावरच ओळखला. — द. ग. राऊत, ति. तपासनीस.'

राऊत त्या सहीकडे पाहत राहिले. शिवानीने टेबलाच्या खणातून खोडरबर काढलं आणि त्यांच्यापुढे सरकवलं.

"हळू घासा काका," ती म्हणाली. "अशी अजून सव्वीस पुस्तकं आहेत!"